झिजलेल्या यंत्रभागांची पुनर्निर्मिती : लघुउद्योगांना अभियांत्रिकी साहाय्य

पावसाळ्याच्या तोंडी, जून-जुलै महिन्यांत, राज्याच्या ऊसपट्ट्यातील वृत्तपत्रांतून एक बातमी नेमाने वाचावयास मिळते. अमुक साखर कारखान्यात आगामी गळीत हंगामासाठी मिल रोलरचे पूजन अध्यक्षांच्या हस्ते संपन्न झाले, अशी ती बातमी असते. छायाचित्रात फुलांचा हार घातलेला, हळद-कुंकू वाहिलेला एक प्रचंड लोखंडी रोलर दिसतो. तो नवा वाटतो. परंतु पुष्कळदा तो संपूर्ण नवा नसतो. त्याच्या पोटातील पोलादी शाफ्टने यापूर्वी कित्येक हंगाम ऊस गाळलेला असतो. त्यावरील बिडाचे कवच तेवढे नव्याने चढविलेले असते. झिजलेला यंत्रभाग टाकून न देता तो पुन्हा मूळच्या योग्यतेस आणण्याच्या या उद्योगास ‘पुनर्निर्मिती’ म्हणतात. आपल्या राज्यात हे काम फार मोठ्या प्रमाणावर लहान कारखानदारांच्या हातून होते, याची जाणीव मात्र कारखान्याच्या आवाराबाहेर फारशी नसते.

दुरुस्ती आणि पुनर्निर्मिती यांत भेद आहे. बंद पडलेले यंत्र कसेही करून चालू करणे म्हणजे दुरुस्ती. पुनर्निर्मितीत भाग पूर्णपणे उकलून स्वच्छ केला जातो, त्याची तपासणी होते, उपयोगी अंश राखून उरलेला नव्याने घडविला जातो आणि अखेरीस तो भाग मूळ मापांवर व मूळ ताकदीवर आणून ठेवला जातो. दुरुस्त केलेला भाग ‘चालतो’. पुनर्निर्मित भाग किती काळ चालेल हेही सांगता आले पाहिजे. हे सांगता येण्यासाठी जे ज्ञान आणि जी साधने लागतात, ती लहान कारखानदाराच्या आवाक्यात कशी आणावयाची, हा या लेखाचा विषय आहे.

कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव, सांगली-मिरजेच्या वसाहती, इचलकरंजी, नाशिकचे सातपूर-अंबड, पुण्याजवळील भोसरी, अशा ठिकाणी पाच-दहा कामगारांच्या बळावर चालणाऱ्या कार्यशाळा आहेत. एक-दोन लेथ, एखादे मिलिंग किंवा बोरिंग यंत्र, वेल्डिंगचा संच आणि एक अनुभवी मिस्त्री एवढे त्यांचे भांडवल. या परंपरेला इतिहास आहे. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. त्या काळी यंत्रे विलायतेहून येत आणि मोडलेला भाग तिकडून मागवावयाचा तर बोटीची वाट पाहावी लागे. साहजिकच स्थानिक मिस्त्रीने मोडका तुकडा समोर ठेवून तसाच दुसरा घडविण्याची विद्या आत्मसात केली. आजही या कार्यशाळांत सूत आणि थाऊ या जुन्या इंच-मापांच्या भाषेत व्यवहार चालतो, आणि बोटाच्या स्पर्शाने दोन-तीन थाऊंचा फरक ओळखणारी माणसे तेथे भेटतात. हाताचे कसब उदंड आहे. उणीव आहे ती आरेखनाची आणि परीक्षणाची.

रोलर कसा घडतो

उसाच्या गिरणीत सामान्यतः तीन मुख्य रोलर असतात. वरचा एक आणि खालचे दोन. वरच्या रोलरवर तेलाच्या दाबाने शेकडो टनांचा भार दिलेला असतो आणि त्या भाराखाली उसाचा रस निघतो. रोलरचा शाफ्ट घडीव पोलादाचा असतो, तर कवच जाड कणांच्या बिडाचे. गुळगुळीत पृष्ठभागावरून ऊस घसरतो. जाड कणांचे बीड झिजतानाही खरखरीत राहते, म्हणून ते मुद्दाम निवडतात. कवचावर खाचा कापलेल्या असतात. हंगाम चालू असतानाच त्या दातांच्या टोकांवर वेल्डिंगचे कठीण थेंब सोडून पकड टिकविली जाते. दर हंगामानंतर खाचा पुन्हा कापल्या जातात, व्यास कमी कमी होत जातो, आणि एक वेळ अशी येते की कवच बदलावेच लागते.

हे कवच शाफ्टवर कसे बसते, हे पाहण्यासारखे आहे. त्याला खिळे नाहीत, बोल्ट नाहीत. कवचाचे भोक शाफ्टच्या जाडीपेक्षा किंचित लहान ठेवतात. दर हजार मिलिमीटरला एक मिलिमीटर, हा कार्यशाळांतील ढोबळ हिशेब. शाफ्टची जाडी ४५० मिलिमीटर असेल तर भोक अर्ध्या मिलिमीटरहून थोडेसेच कमी. मग कवच सर्व बाजूंनी सारखे तापवितात. तपमान २०० अंश सेल्सिअसने वाढले की तेवढ्या भोकाचा व्यास सुमारे १ मिलिमीटरने वाढतो. त्या क्षणी शाफ्ट आत सोडतात. कवच निवत जाते तसे ते शाफ्टला आवळून धरते आणि पुढे कित्येक हंगाम सोडीत नाही.

ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु भोक जरा मोठे झाले तर भाराखाली कवच शाफ्टवर सरकू लागते. ते फाजील लहान झाले तर बिडात कायमचा ताण राहतो व कवचाला तडा जातो. शाफ्ट आधीच्या वापराने मधोमध झिजून अगदी थोडा लंबगोल झालेला असेल, तर एकाच ठिकाणी घेतलेले माप फसवे ठरते. ते तीन-चार ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी घ्यावे लागते. मापनयंत्र स्वतः अचूक आहे की नाही याचीही वेळोवेळी पडताळणी करावी लागते. ज्या कार्यशाळेतील मायक्रोमीटर खरेदी केल्यापासून एकदाही तपासला गेला नाही, तिने केलेल्या मापावर लाखो रुपयांचा शाफ्ट सोपविला जातो, ही वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही.

नकलेतील धोका

जुना भाग पुढ्यात ठेवून नवा करण्याच्या पद्धतीत एक मूलभूत दोष आहे. जो भाग नमुना म्हणून आलेला असतो, तो झिजलेला असतो म्हणूनच आलेला असतो. त्याची हुबेहूब नक्कल केली की त्याची झीजही नव्या भागात उतरते. ५० मिलिमीटर शाफ्टचा एक साधा बुश घ्या. भारतीय मानक ९१९ मध्ये दिलेल्या जोडमापांपैकी सैल फिरत्या जोडीचा एक प्रचलित प्रकार घेतला, तर भोक ५०.००० ते ५०.०२५ आणि शाफ्ट ४९.९७५ ते ४९.९९१ मिलिमीटर यांच्या दरम्यान हवा. म्हणजे दोहोंमधील मोकळीक जास्तीत जास्त ०.०५० मिलिमीटर. झिजलेल्या बुशाचे भोक ५०.२० भरले आणि तेच माप नव्याला दिले, तर तो भाग बसविल्या दिवसापासूनच म्हातारा असतो. अशा वेळी मूळ माप शोधून काढावे लागते. भागाच्या ज्या कडांना घर्षण झालेले नाही तेथे ते सापडते, जोडीच्या दुसऱ्या भागावरून कळते, किंवा मानकांच्या कोष्टकांवरून अनुमानाने निश्चित करावे लागते.

दंतचक्रांच्या बाबतीत ही फसगत अधिक सूक्ष्म असते. जुन्या ब्रिटिश यंत्रांतील दंतचक्रे इंचाच्या हिशेबाने कापलेली आहेत. आज आपल्याकडील कटर मिलिमीटरच्या हिशेबाने, म्हणजे ‘मॉड्यूल’ने, मिळतात. एका इंचास ५ दाते या जुन्या मापाचे मॉड्यूल काढले तर ते २५.४ भागिले ५, म्हणजे ५.०८ येते. कार्यशाळेत ५ मॉड्यूलचा कटर हाताशी असतो. डोळ्यांना फरक दिसत नाही. परंतु ४० दात्यांच्या चक्राचा मूळ व्यास २०३.२ मिलिमीटर असावयास हवा तेथे तो २०० होतो. असे चक्र जुन्या जोडीदाराबरोबर फिरताना आवाज करते, दाते एकमेकांवर नीट लोळत नाहीत, आणि काही महिन्यांत नवे चक्र तर जातेच, पण बरोबरचे चांगले चक्रही ते घेऊन जाते. आट्यांचेही तसेच. जुन्या व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा. जोर करून बोल्ट आवळला जातो, ‘बसला’ असे समाधानही वाटते, आणि भार आला की आटे सोलून निघतात.

अलीकडे लेसर किरणांनी भागाचे त्रिमितीय चित्र घेणारी यंत्रे आली आहेत. तासाभरात संगणकाच्या पडद्यावर संपूर्ण भाग उभा राहतो. त्यामुळे आता आरेखनाचा प्रश्नच सुटला, असा समज काही कारखानदारांत पसरलेला दिसतो. तो बरोबर नाही. यंत्र झिजलेल्या भागाचे चित्र अत्यंत अचूकपणे काढते, म्हणजे झीजही तितक्याच अचूकपणे टिपते. ती झीज कोणती आणि मूळ आकार कोणता, हा निवाडा अभियंत्यालाच करावा लागतो.

धातूची परीक्षा

आकार जुळला तरी निम्मेच काम झाले. भाग कोणत्या धातूचा आहे? मिस्त्री ग्राइंडरवर तुकडा धरतो आणि ठिणग्यांच्या रंगावरून व फुटण्यावरून पोलादात कार्बन किती असेल याचा अंदाज बांधतो. ही परीक्षा अडाणीपणाची नव्हे. तिच्यात तथ्य आहे. परंतु निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम यांचे बारीक प्रमाण ठिणगीवरून नेमके कळत नाही. बाजारात ‘ईएन ८’ आणि ‘ईएन २४’ या नावांनी मिळणाऱ्या पोलादांच्या सळ्या शेजारी शेजारी ठेवल्या तर दिसावयास सारख्या. पहिले साधे मध्यम कार्बनचे, दुसरे मिश्रधातूंचे व योग्य उष्णतासंस्कारानंतर कितीतरी अधिक बळकट. वर्णपटमापक यंत्रावर काही मिनिटांत त्यांचा भेद कळतो. कठिणता मोजण्याचे यंत्र उष्णतासंस्कार नीट झाला की नाही ते सांगते. ही यंत्रे प्रत्येक लहान कार्यशाळेने विकत घेणे शक्य नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही.

वेल्डिंगविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण सर्वाधिक नुकसान येथेच होते. झिजलेल्या शाफ्टवर वेल्डिंगचा थर चढवून तो पुन्हा मापात कातणे ही सर्वत्र रूढ असलेली पद्धत होय. मिल शाफ्टच्या पोलादात कार्बनचे प्रमाण ०.४५ टक्क्यांच्या आसपास असते. एवढा जाड शाफ्ट थंड असताना त्यावर वेल्डिंग केले, तर शाफ्टचे थंड वस्तुमान ती उष्णता क्षणात शोषून घेते. तापलेल्या लोखंडावर पाणी ओतावे तसा परिणाम होतो आणि वेल्डिंगच्या लगतचा पट्टा काचेसारखा कठीण व ठिसूळ बनतो. त्यात केसासारख्या चिरा पडतात. वरून कातल्यावर शाफ्ट आरशासारखा चमकतो. चिरा आतच राहतात. हे टाळण्यासाठी शाफ्ट आधी २०० ते २५० अंशांपर्यंत तापवावा लागतो, कोरड्या इलेक्ट्रोड वापराव्या लागतात, आणि काम झाल्यावर तो झाकून सावकाश निववावा लागतो. जेथे वेल्डिंग मुळातच धोक्याचे आहे तेथे धातूचा फवारा मारून थर चढविणे किंवा बाही बसविणे, असे अन्य मार्ग आहेत. कोणता मार्ग कोठे, हे भागावर पडणाऱ्या भारावरून ठरते.

त्या चिरांचे पुढे काय होते? मिलचा रोलर मिनिटाला चार-पाच फेरे घेतो. मिनिटाला ५ फेरे धरले तर तासाला ३००, दिवसाला ७,२००, आणि दीडशे दिवसांच्या हंगामात १० लाख ८० हजार. प्रत्येक फेऱ्यात शाफ्टचा एकच बिंदू एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. तार वाकवून वाकवून तोडावी तसाच हा प्रकार, फक्त अत्यंत मंद गतीचा. चीर प्रत्येक फेऱ्याला अणुमात्र पुढे सरकते. उसाच्या आम्लधर्मी रसाने गंजण्याची क्रिया तिला हातभार लावते. कवच जेथे संपते तेथील कोपऱ्यात ताण एकवटतो. तेथील गोलाई कातताना कमी राहिली असेल तर धोका आणखी वाढतो. आणि मग ऐन जानेवारीत, गाळप भरात असताना, शाफ्ट तुटतो.

दिवसाला २,५०० टन ऊस गाळणारा कारखाना एक दिवस थांबला तर २,५०० टन ऊस जागच्या जागी राहतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असा दंडक आहे, कारण तोडणीनंतर त्याचे वजन घटू लागते व साखरेचा अंश कमी होत जातो. शेतकऱ्याचे नुकसान वजनात, कारखान्याचे उताऱ्यात. याखेरीज एक नुकसान कोणत्याही ताळेबंदात लिहिले जात नाही. बीड, अहिल्यानगर आदी भागांतून कुटुंबकबिल्यासह आलेल्या ऊसतोड मजुराला मजुरी टनावर मिळते. मिल बंद म्हणजे तोड बंद, आणि तोड बंद म्हणजे खोपीवरचा तो दिवस बिनमजुरीचा. राज्यात एका हंगामात सुमारे दोनशे कारखाने गाळप करतात, हे ध्यानात घेतले म्हणजे एखाद्या कार्यशाळेत शाफ्ट आधी तापवला गेला की नाही या प्रश्नाचे महत्त्व लक्षात येते.

अशी चीर आधी ओळखता येते. ध्वनिलहरींच्या साहाय्याने जाड शाफ्टच्या अंतर्भागाची तपासणी करणारे उपकरण एका माणसाला उचलून नेता येते. पृष्ठभागावरील चीर पाहण्यासाठी तांबडा रंग व पांढरी भुकटी वापरण्याची पद्धत तर अत्यंत स्वस्त आहे. ही तपासणी वेल्डिंगपूर्वी एकदा आणि कातल्यानंतर एकदा, अशी दोनदा व्हावयास हवी. प्रत्यक्षात ती बहुधा शाफ्ट तुटल्यानंतर होते.

साहाय्याच्या सोयी

लघुउद्योगांना तांत्रिक साहाय्य देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. फोर्ड फाउंडेशनने निमंत्रित केलेल्या तज्ज्ञांच्या शिफारशींनंतर १९५४ साली केंद्र शासनाने लघुउद्योगांसाठी स्वतंत्र संघटना स्थापन केली आणि तिच्या अंतर्गत राज्याराज्यांतून लघुउद्योग सेवा संस्था सुरू झाल्या. १९५५ साली राष्ट्रीय लघुउद्योग निगम अस्तित्वात आला व हप्त्यांनी यंत्रे मिळू लागली. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे कार्यान्वित झाली. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमानंतर सेवा संस्थांची नावे बदलली. मुंबईत साकीनाका व नागपूर येथे त्यांची कार्यालये आज विकास व सुविधा कार्यालये म्हणून काम पाहतात. छत्रपती संभाजीनगर येथे जर्मनीच्या सहकार्याने उभारलेली इंडो-जर्मन टूल रूम आहे. आरेखन, अचूक यंत्रण, उष्णतासंस्कार, मापन आणि प्रशिक्षण अशी कामे तेथे होतात. साखर कारखान्यांच्या यंत्रसामग्रीपुरते बोलावयाचे तर मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही १९७५ साली स्थापन झालेली संस्था कारखान्यांना अभियांत्रिकी सल्ला देते.

एकेकट्याला न झेपणारी यंत्रसामग्री अनेकांनी मिळून उभारावी, यासाठी समूह विकास योजना आहेत. एकाच व्यवसायातील कारखानदारांनी एकत्र येऊन संस्था स्थापन करावयाची, आपला वाटा घालावयाचा आणि शासकीय अनुदानातून सामायिक सुविधा केंद्र उभे करावयाचे, अशी ही रचना. केंद्राची योजना आहे, राज्याचाही स्वतंत्र समूह विकास कार्यक्रम आहे. वर्णपटमापक, त्रिमितीय मापनयंत्र, संतुलन यंत्र यांसारखी साधने अशा केंद्रातच शोभतात. संतुलनाचे महत्त्व एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ऊस कुटणाऱ्या फायबरायझरचा रोटर मिनिटाला १,००० फेरे फिरत असेल आणि त्याच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर केवळ १०० ग्रॅम वजन जास्त राहिले असेल, तर बेअरिंगवर सुमारे ५६ किलो वजनाइतका धक्का बसतो, आणि त्याची दिशा प्रत्येक फेऱ्याबरोबर फिरत राहते. हातोडे बदलताना एकेक हातोडा तराजूवर तोलून समोरासमोर सारख्या वजनाचे बसवावेत, एवढी खबरदारी तर कोणतेही यंत्र न घेता पाळता येते.

सोयी आहेत, मग त्यांचा लाभ पुरेसा का घेतला जात नाही? लहान कारखानदाराशी बोलल्यास दोन-तीन कारणे हमखास पुढे येतात. हंगामात काम रात्री येते आणि सकाळी हवे असते; प्रयोगशाळेचा अहवाल येण्यास काही दिवस लागतात. आपल्या भागाचे आरेखन दुसऱ्याच्या हाती गेले तर उद्या तेच काम शेजारी नेईल, ही भीती असते. आणि परीक्षणाचे शुल्क शेवटी कोणी सोसावयाचे, याचे उत्तर मिळत नाही. ही कारणे खोटी नाहीत. तथापि साहाय्य देणाऱ्या यंत्रणेचीही एक सवय येथे नमूद केली पाहिजे. सभागृहात मेळावा भरविणे सोपे असते. लेथजवळ उभे राहून माप कोठे चुकते ते दाखविणे कष्टाचे असते. कार्यशाळेला व्याख्यानापेक्षा दुसऱ्या प्रकारची मदत हवी आहे. एका अभियंत्याने महिन्यातून एक दिवस जरी दहा-बारा कार्यशाळांची फेरी केली, मायक्रोमीटर पडताळून दिले, एखाद्या भागाचे मूळ माप काढून दाखविले, तरी त्याचा उपयोग अनेक मेळाव्यांहून अधिक होईल.

काम देणाऱ्यांचा वाटा

पुनर्निर्मितीचे काम चांगले व्हावे की नाही, हे मोठ्या अंशी काम देणारा ठरवितो. निविदेत ‘नमुन्याप्रमाणे भाग तयार करून देणे’ एवढेच लिहिले आणि सर्वांत कमी दर स्वीकारला, तर जो कारखानदार धातूची तपासणी करतो तो दरात मागे पडतो आणि जो करीत नाही त्याला काम मिळते. कार्यादेशात मूळ मापाचे आरेखन, धातूचा प्रकार, अपेक्षित कठिणता आणि चिरांची तपासणी या चार गोष्टी लिहिल्या व परीक्षणाचे शुल्क वेगळे दाखविले, तर स्पर्धा समान पातळीवर येते.

देयकाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. २००६ च्या अधिनियमानुसार उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उपक्रमाने पुरविलेल्या मालाचे किंवा सेवेचे पैसे ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक आहे. ही मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही, आणि लेखी करार नसल्यास ती १५ दिवसांची असते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते, व दाद मागण्यासाठी सुविधा परिषदा आहेत. ज्याचे पैसे सहा-सहा महिने अडकून पडतात, तो चांगले पोलाद आणि कोरडी इलेक्ट्रोड यांवरच काटकसर करतो, हे खरेदी विभागातील अधिकाऱ्यांनी विसरू नये.

ग्रामपंचायतींचा संबंध या विषयाशी येतो तो पंपामुळे. २०१९ पासून जल जीवन मिशनखाली गावोगाव नळयोजना झाल्या; पंप जुने होत जातील तसे त्यांचे भाग तालुक्याच्या कार्यशाळेतच बदलले जाणार. पंपाच्या इंपेलरचा व्यास ५ टक्क्यांनी कमी राहिला तर तेवढ्याच वेगाने फिरणारा पंप पाणी चढवितो ती उंची सुमारे १० टक्क्यांनी घटते. ४० मीटर उंचीपर्यंत पाणी नेणारा पंप ३६ मीटरवर थकतो, आणि टेकडीवरची टाकी भरत नाही. दोष विजेच्या दाबाला दिला जातो. पंप नवा असतानाच त्याच्या नामफलकावरील आकडे, इंपेलरचा व्यास आणि पाण्याची मोजलेली आवक ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंदवून ठेवावी. दुरुस्तीनंतर एक टाकी भरण्यास किती वेळ लागतो हे पूर्वीच्या वेळेशी ताडून पाहावे, आणि मगच देयक मंजूर करावे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतने यांतील शिक्षकांना या कामात विशेष संधी आहे. विद्यार्थी आरेखनाच्या तासाला पुस्तकातील आकृत्या काढतात. त्याऐवजी परिसरातील कार्यशाळेतून आलेला एखादा झिजलेला भाग वर्गात ठेवला, तर मापन, जोडमापे, मानके व धातुविज्ञान यांचा अभ्यास एकाच वस्तूवर होतो आणि कार्यशाळेला आरेखन मिळते. संस्थांच्या प्रयोगशाळांत कठिणता मोजण्याची यंत्रे बहुधा असतातच. वर्षातील बराच काळ ती झाकून ठेवलेली असतात.

साखर कारखान्यांच्या बाबतीत वेळापत्रक जुळविणे महत्त्वाचे आहे. गाळप साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये संपते, मिल उघडली जाते आणि कोणते भाग झिजले हे तेव्हा कळते. ओतशाळेला कवचाची मागणी त्याच सुमारास द्यावी लागते. तपासणी व आरेखनासाठी हाती उरतात ते फार थोडे आठवडे. म्हणून जे भाग दर एक-दोन हंगामांनी बदलावेच लागतात, त्यांची आरेखने गाळप चालू असतानाच्या महिन्यांत, सुट्या राखीव भागांवरून करून ठेवणे श्रेयस्कर.

साहाय्यासाठी प्रथम आपल्या जिल्हा उद्योग केंद्राशी संपर्क साधावा. जाताना उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र, झिजलेला भाग किंवा त्याची छायाचित्रे, तो ज्या यंत्रात बसतो त्याच्या नामफलकावरील मजकूर, शक्य असल्यास त्याच्या जोडीचा दुसरा भाग, आणि तो किती काळ चालून कोठे झिजला अथवा तुटला याची एका कागदावर लिहिलेली हकीकत सोबत न्यावी. तुटलेला भाग असेल तर तुटीचा पृष्ठभाग घासू अथवा धुऊ नये, त्यास थोडे तेल लावून कापडात गुंडाळून न्यावा. तो कसा तुटला हे अभियंत्याला त्या पृष्ठभागावरूनच वाचता येते.